चार मुले, एक नोकरी

गेल्या आगमनकाळात मी वसईकडच्या एका धर्मग्रामात आमच्या वसतिगृहासाठी मदत मागायला गेले होते. मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या आवारात टेबल मांडून बसले. लोक येत होते, पाकिटे देत होते, मुलींची चौकशी करत होते. बँकेतून निवृत्त झालेले एक काका बराच वेळ बाजूला उभे होते. गर्दी ओसरल्यावर ते जवळ आले आणि म्हणाले, “सिस्टर, रागावू नका, पण एक विचारतो. दरवर्षी तुम्ही येता, दरवर्षी आम्ही देतो. तुमच्या मुली स्वतः थोडं कमवून का शिकत नाहीत? परदेशात मुलं काम करून शिकतात म्हणे.”

मी रागावले नाही, पण मनाला लागले. “काका, आमच्या मुली शिकायला येतात, कामाला नाही,” एवढेच बोलून मी पाकिटे पिशवीत भरली. परतीच्या बसमध्ये मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. काकांचा हेतू वाईट नव्हता. आणि परदेशातली अशी एक शाळा मला माहीत होती. माझ्याबरोबर व्रतदीक्षा घेतलेली एक सिस्टर काही वर्षे शिकागोत होती. ती सुटीत आली की त्या शाळेबद्दल बोलायची. तेव्हा मी ते कौतुकाने ऐकून सोडून दिले होते. आता मुद्दाम वाचले, तिला फोन करून पुन्हा विचारले. जे कळले ते काकांसाठी आणि तुम्हा सर्वांसाठी लिहिते आहे.

फी परवडणार नाही अशांसाठी शाळा

शिकागो शहरात पिल्सन नावाची वस्ती आहे. एकेकाळी तिथे बोहेमियातून आलेले चेक कामगार राहत. त्यांच्या पिल्झेन गावावरून वस्तीला हे नाव पडले. पुढे तिथे मेक्सिकोतून आलेली कुटुंबे आली. आईबाप हॉटेलांत भांडी घासत, कारखान्यांत राबत, रात्री ऑफिसे झाडत. मुलांची शाळा अर्ध्यावर सुटे.

१९९० नंतरच्या काळात शिकागोचे कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांनी या वस्त्यांसाठी काहीतरी करा, असे येशूसंघाच्या फादरांना सुचवले. फादरांनी आधी लोकांनाच विचारले, तुम्हाला काय हवे? आईबापांनी सांगितले, मुलांना कॉलेजपर्यंत नेईल असे हायस्कूल हवे, आणि इंग्रजीबरोबर आपली स्पॅनिशही टिकली पाहिजे.

प्रश्न पैशांचा होता. अमेरिकेत सरकारी शाळा फुकट असतात. कॅथलिक शाळांना मात्र सरकार शिक्षकांचे पगार देत नाही. पूर्वी त्या शाळांत सिस्टर आणि ब्रदर जवळजवळ बिनपगारी शिकवत, म्हणून गरिबांनाही फी परवडे. १९६० नंतर व्रतस्थांची संख्या घटली, पगारी शिक्षक आले, खर्च वाढला. शहरांच्या गरीब भागांतल्या कितीतरी कॅथलिक शाळा बंद पडल्या. अशा वेळी नवी शाळा काढायची, तीही फी भरू न शकणाऱ्यांसाठी, म्हणजे धाडसच होते.

हे काम फादर जॉन फोली यांच्याकडे आले. ते तीसहून अधिक वर्षे पेरू देशात सेवा करून परतले होते. पैसे कसे उभे करायचे हे ठरवताना एका सल्लागाराने कल्पना मांडली : मुलांनाच ऑफिसांत नोकरी मिळवून द्या, आणि त्यांच्या कामाचे पैसे शाळेला मिळू द्या. १९९६ साली शाळा सुरू झाली. नाव ‘क्रिस्तो रे’, म्हणजे स्पॅनिशमध्ये ख्रिस्तराजा.

हिशेब कसा बसतो

आता ही व्यवस्था सोप्या शब्दांत सांगते.

एखाद्या बँकेला, वकिलांच्या ऑफिसला किंवा हॉस्पिटलला एक पूर्णवेळ हाताखालचा माणूस हवा असतो. कागद लावून ठेवणे, झेरॉक्स काढणे, टपाल वाटणे, फोन घेणे, कॉम्प्युटरवर माहिती भरणे अशी कामे. शाळा त्या जागेवर एक माणूस न देता चार मुले देते. समजा, पहिल्या मुलाचा मंगळवार, दुसऱ्याचा बुधवार, तिसऱ्याचा गुरुवार, चौथ्याचा शुक्रवार. राहिला सोमवार, तो चौघे आळीपाळीने वाटून घेतात. म्हणजे चार आठवड्यांत प्रत्येकाचे पाच दिवस कामाचे, बाकीचे शाळेचे. ऑफिसची खुर्ची एक दिवसही रिकामी राहत नाही.

ऑफिस पैसे मुलाच्या हातात देत नाही, शाळेच्या नोकरी-योजनेला देते. कागदोपत्री मुले त्या योजनेची नोकर असतात. पगारपत्रक, कर, विमा हे सारे ती योजना पाहते. मुले आपली कमाई फीपोटी शाळेला लिहून देतात. त्यातून शिक्षणाच्या खर्चाचा मोठा वाटा निघतो. उरलेल्यापैकी थोडे घरचे ऐपतीप्रमाणे देतात आणि बाकीचे देणगीदार. म्हणजे तिथेही पाकिटे लागतातच, काका!

बुडालेला अभ्यास भरून काढायला शाळेचा दिवस लांबवलेला असतो. नववीच्या वर्गात पाय ठेवण्याआधी, उन्हाळ्यातच, कामाचे प्रशिक्षण होते. कपडे कसे घालायचे, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून आपले नाव कसे सांगायचे, फोनवर काय बोलायचे, चूक झाली तर कुणाला सांगायचे. कामाच्या दिवशी मुले सकाळी शाळेत जमतात, हजेरी होते, मग शहराच्या मध्यभागी जातात. वरिष्ठ त्यांच्या कामाबद्दल लेखी मत देतात. कुणाची नोकरी गेली तर शाळा त्याला पुन्हा शिकवते आणि दुसरी जागा शोधते.

दोन नियम मला विशेष वाटले. एक, शाळेत प्रवेश फक्त कमी उत्पन्नाच्या कुटुंबांतील मुलांना. पैसेवाल्याने पूर्ण फी देतो म्हटले तरी जागा नाही. दुसरा, काम प्रत्येकाला. हुशार असो की कच्चा, सगळे जातात. त्यामुळे हा फुकट शिकणारा आणि तो फी भरणारा, असा भेद वर्गात उरत नाही.

कायद्याची बाजू

तुम्ही विचाराल, चौदा वर्षांच्या मुलाला नोकरीला लावणे कायद्यात बसते का? अमेरिकेतही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी शाळेच्या वेळेत काम करण्यास मनाई आहे. त्यामुळे २०१० साली तिथल्या कामगार खात्याने अशा शाळांसाठी नियमांत खास तरतूद केली : तीन आठवड्यांत प्रत्येकी एक दिवस, चौथ्या आठवड्यात दोन दिवस, आणि दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त नाही. चार मुलांच्या वाटणीचा हिशेब यात नेमका बसतो. काम कुठले चालेल आणि देखरेख कुणाची, हेही ठरलेले असते.

२००१ साली ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात या पद्धतीची दुसरी शाळा निघाली. मग उद्योजक बी. जे. कॅसिन आणि गेट्स फाउंडेशन यांच्या मोठ्या देणग्यांमुळे इतर शहरांतही शाळा झाल्या. आज त्या सुमारे चाळीस आहेत. २००८ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी फादर फोली यांना पदक देऊन गौरवले. पण सगळीकडे यश आले असे नाही. नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात २००७ साली सुरू झालेली शाळा २०११ साली बंद करावी लागली. आर्थिक मेळ बसला नाही. जिथे मुलांना घेणारी ऑफिसे पुरेशी नसतील, तिथे ही पद्धत चालत नाही.

आपल्याकडे हे नवे आहे का?

काम करून शिकण्याची कल्पना आपल्याला अमेरिकेकडून घ्यायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत आणि आपल्या वसतिगृहाची कामे आपणच करत. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना. तिच्या बळावर खेड्यापाड्यांतली कितीतरी मुले शिकली. स्वतःच्या घामाने शिकलेला मुलगा ताठ मानेने चालतो, हे भाऊरावांनी केव्हाच ओळखले होते.

मग आपण काकांचे ऐकून आमच्या मुलींना कामाला लावावे का? मी याचा बराच विचार केला. माझे उत्तर अजूनही नाही असेच आहे. पण आता त्याची कारणे नीट सांगू शकते.

पहिले कारण कायद्याचे. आपल्याकडे सहा ते चौदा वयापर्यंत शिक्षण हा मुलांचा हक्क आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना घरच्या कामाचे आणि बालकलाकारांचे अपवाद सोडता कुठेही कामाला ठेवता येत नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर ठेवता येत नाही. अमेरिकेतल्यासारखी अभ्यास आणि ऑफिसकाम जोडणारी तरतूद इथल्या शाळांसाठी नाही. ‘शिकण्यासाठी काम’ या नावाखाली स्वस्तात राबणारी पोरे मिळवणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. ती वाट आपण उघडू नये.

दुसरे कारण त्याहून मोठे आहे. आमच्या मुलींना कामाची सवय लावावी लागत नाही. आमच्याकडे पाचवी ते बारावीच्या मुली आहेत, बहुतेक वारली, काही कोकणा, काही कातकरी. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, ते पाऊस तोंडावर आल्यावर परततात. वसतिगृह नसते तर या मुली त्यांच्याबरोबर भट्टीवर असत्या. सातवीतली मुलगी भाकऱ्या थापते, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाणी आणते, शनिवार-रविवारी घरी गेली की लावणीला उतरते. तिला श्रमाचे मोल मी काय शिकवणार? तीच मला शिकवेल.

मग शिकागोच्या शाळेत आपल्या उपयोगाचे काय? याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते मला आमच्याच एका मुलीने दिले.

दोन दिवस दाराबाहेर

ती आमच्याकडे सात वर्षे राहिली. बारावीला चांगले गुण मिळाले. नर्सिंगच्या प्रवेशयादीत नाव लागले तेव्हा आम्ही शिरा केला. कागदपत्रे जमा करायला चार दिवस होते. सगळे कागद होते, फक्त उत्पन्नाचा दाखला एका कार्यालयातून आणायचा राहिला होता. ती म्हणाली, “सिस्टर, मी आणते. तुम्ही नका येऊ.” मला अभिमानच वाटला.

पहिल्या दिवशी ती संध्याकाळी रिकाम्या हाताने आली. म्हणाली, साहेब नव्हते. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. दार ढकलून आत गेले आणि विचारले. दाखला दोन दिवसांपासून सही होऊन टेबलावर पडलेला होता. आत जाऊन फक्त मागायचा होता.

तिला विचारले, तर ती खाली मान घालून म्हणाली, “शिपायानं सांगितलं, थांब. मी थांबले.” दोन्ही दिवस ती सकाळी दहापासून पाचपर्यंत दाराबाहेर भिंतीला टेकून उभी होती. कुणीतरी हाक मारील म्हणून. बसायला बाक होता, पण त्यावरही बसली नव्हती. दाखला घेऊन आम्ही एसटीने निघालो. प्रवेशाच्या ठिकाणी पोचलो तेव्हा त्या दिवसाची वेळ संपली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो, तर मुदत आदल्या संध्याकाळीच सरली होती. जागा पुढच्या मुलीला गेली.

दोष कुणाचा? त्या शिपायाचा थोडा. माझा बराच. सात वर्षे मी तिला गणित शिकवले, प्रार्थना शिकवल्या, टापटीप शिकवली. रांगेत गप्प उभे राहायला शिकवले. पण दार ढकलून आत जावे आणि “माझा दाखला द्या” म्हणावे, हे काही मी तिला शिकवले नव्हते. तिच्या आईबापांनीही शिकवले नव्हते, कारण त्यांना स्वतःला सगळीकडे “थांब” एवढेच ऐकू आले आहे.

त्या घटनेनंतर शिकागोच्या शाळेची गोष्ट मला वेगळी दिसू लागली. फादर फोलींनी नोकऱ्या शोधल्या त्या फीसाठी. पण मुलांना मिळाले ते फीपेक्षा मोठे. ज्या उंच इमारतींत त्यांचे आईबाप रात्री झाडू घेऊन शिरत, त्याच इमारतींत ती दिवसा गळ्यात ओळखपत्र घालून जाऊ लागली. तिथली माणसे त्यांना नावाने ओळखू लागली. वकील, डॉक्टर, मॅनेजर काय करतात, कॉलेजात कसे गेले, हे त्यांना रोजच्या बोलण्यातून कळू लागले. चार वर्षे महिन्यातून पाच दिवस असे गेल्यावर त्या दाराची भीती उरत नाही. भट्टीवर किंवा शेतावर कितीही वर्षे काम केले तरी ही गोष्ट मिळत नाही. म्हणून ‘काम करून शिका’ एवढे म्हणून भागत नाही. काम कुठले, कुणाच्या बरोबरीने, दाराच्या कुठल्या बाजूला, हे पाहावे लागते.

आम्ही काय सुरू केले

शिकागोची शाळा आम्हाला पालघर जिल्ह्यात उभारता येणार नाही. आमची गरजही वेगळी आहे. मुली ज्या शाळेत जातात ती अनुदानित आहे, तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देते. आम्हाला पैसे लागतात ते जेवणाखाण्यासाठी, अंथरुणासाठी, औषधासाठी. तो भार मुलींवर टाकण्याचा आमचा विचार नाही. पण उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणाची त्यांची कल्पना आम्हाला घेता येण्यासारखी होती.

जूनपासून दर शनिवारी, अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर, नववी आणि त्यापुढच्या मुली दोघी-दोघींनी बाहेर जातात. प्रत्येक जोडीला एक काम असते. पोस्टातून रजिस्टर करून यायचे. बँकेत खाते उघडायला काय लागते ते विचारून यायचे. ग्रामपंचायतीतून एखादा अर्ज आणायचा. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायचा. मी किंवा आमची स्वयंपाकीण मावशी लांब उभी राहते, पण आत जात नाही.

पहिल्या शनिवारी सहा जोड्या गेल्या, चार रिकाम्या हाताने परत आल्या. दोघी तर बँकेच्या काचेच्या दारापासूनच माघारी आल्या, कारण दार आत ढकलायचे की ओढायचे ते कळेना आणि विचारायची लाज वाटली. आम्ही संध्याकाळी बसून तेच नाटक करून पाहिले. एक साहेब झाली, एक शिपाई. शिपाई झालेल्या मुलीने असे काही खेकसून “थांब!” म्हटले की सगळ्या हसून लोळल्या. मग ठरले, “थांब” म्हटले की विचारायचे, “किती वेळ? कुणासाठी?” हे दोन प्रश्न आता त्यांचे मंत्र झाले आहेत.

दिवाळीपर्यंत सगळ्या जोड्या काम करून येऊ लागल्या. एका शनिवारी दोघी धावतच आल्या. लांबूनच ओरडल्या, “सिस्टर, त्यांनी आम्हाला खुर्ची दिली!” अर्ज विसरून आल्या होत्या. मी तो विषय काढला नाही.

तुमच्याकडे एक मागणी

वाचकहो, हे सगळे सांगण्याचा हेतू असा. यंदा आमच्या आठ मुली बारावीला आहेत. परीक्षा झाल्यावर त्यांना वसई, विरार, पालघर, बोईसर या भागांत चार-पाच दिवस कुणाच्या तरी कामाच्या ठिकाणी बसवावे असा विचार आहे. दवाखाना, औषधांचे दुकान, वकिलांचे किंवा सीएचे ऑफिस, पतपेढी, छापखाना, शाळेचे कार्यालय, काहीही चालेल. त्यांनी तुमचे काम करायचे नाही. पगार नको, भेटवस्तू नको. तुम्ही काय करता हे त्यांनी शेजारी बसून पाहावे, त्यांना प्रश्न विचारू द्यावेत, दुपारचा डबा सगळ्यांबरोबर खाऊ द्यावा, आणि त्यांना नावाने हाक मारावी. दोघी-दोघी येतील. सोबत आमची एक सिस्टर त्या परिसरात राहील. राहण्याची सोय आम्ही करू. कुणाला जमण्यासारखे असेल तर या त्रैमासिकाच्या संपादकांकडे कळवावे.

आणि ती दाखल्याची मुलगी? वर्षभर ती आमच्याकडेच लहान मुलींचा अभ्यास घेते आहे. शनिवारच्या जोड्यांबरोबर पहिल्यांदा मी तिलाच लांब उभी राहायला पाठवले होते. यंदा ती पुन्हा अर्ज भरणार आहे. उत्पन्नाचा नवा दाखला लागेल म्हणून गेल्या आठवड्यात एकटीच गेली होती. दुपारी दोनला परत आली. दाखला टेबलावर ठेवला आणि जेवायला बसली.

काका, तुम्ही हे वाचत असाल तर तुमचा प्रश्न मनात ठेवल्याबद्दल रागावू नका. त्या दिवशी मी तुम्हाला अर्धेच उत्तर दिले होते. तुम्ही बँकेत इतकी वर्षे काढलीत. यंदा पाकिटाबरोबर एक दिवसही द्या. आमच्या मुलींना काउंटरच्या आतली बाजू दाखवायला तुमच्याहून चांगला माणूस मला कुठे मिळणार?